दुसरी फेरी

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला सांगितलं, "सर, तुम्ही बोला, विषय तुमचा तुम्ही ठरवा." त्यांना वाटलं असणार की भूगोलाचा निवृत्त मास्तर बहमनी काळावर बोलेल, नाहीतर मांजरा नदीवर. दोन्ही विषयांवर मी याच मांडवात बोलून झालोय आणि दोन्ही वेळा पुढच्या रांगेतली मंडळी झोपलेली मी पाहिली आहेत. म्हणून आज विषय वेगळा घेतलाय. आज मी एका व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. हसू नका. हा खेळ जपानमध्ये तयार झाला, १९८६ साली. नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा'.

आधी एक कबुली देतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९९४ सालची गोष्ट. तेव्हा बीदरला घरोघरी टीव्हीला जोडायचे ते 'टीव्ही गेम' आले होते. कॅसेट खुपसायची, मारिओ नाहीतर काँट्रा चालू. माझा मुलगा बारा वर्षांचा. चाचणी परीक्षेत गणितात मार्क कमी पडले. मी त्या यंत्राचा अडॅप्टर काढला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. तेवढ्यावर थांबलो नाही. त्याच्या वह्या तपासायला घेतल्या. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर चौकोनच चौकोन आखलेले, त्यात दारं, जिने, बाण. 'हे काय उद्योग?' म्हणून मी ती दोन्ही पानं टरकावली. कोणत्या खेळाचं आहे, हे विचारलंसुद्धा नाही.

मुलगा काही बोलला नाही. तो चांगला शिकला, बेंगळुरूला नोकरीला लागला, नीट संसार करतोय. दर रविवारी फोन करतो. माझं ब्लडप्रेशर विचारतो, बँकेचं काम विचारतो आणि फोन ठेवतो. तक्रार करायला जागा नाही. पण बापलेकात याहून जास्त काही असायला हवं, हे मला बऱ्याच वर्षांपासून कळत होतं. काय करावं ते कळत नव्हतं.

या मे महिन्यात नातू सुट्टीला आला. अकरा वर्षांचा. शाळा इंग्रजी, गल्लीतले मित्र कन्नड, मराठी फक्त आईशी आणि आमच्याशी. मला 'अज्जा' म्हणतो. सोबत त्याचं ते हातातलं यंत्र, निन्टेंडोचं. टीव्हीलाही जोडता येतं. पहिल्या दिवशी माझ्या तोंडात वाक्य आलंच होतं, 'बंद कर ते.' पण कपाटातला तो अडॅप्टर आठवला. मी गप्प त्याच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "काय चाललंय, मला सांग."

तो म्हणाला, "अज्जा, हा खूप जुना गेम आहे. यात कोणी काहीच सांगत नाही."

आणि खरोखरच सांगत नाही. पडदा उजळतो. मधोमध हिरव्या कपड्यातला एक लहानसा मुलगा उभा. त्याचं नाव लिंक. हातात ढाल आहे, तलवार नाही. तीन बाजूंना वाटा. डोंगरात एक काळं भोक. बस्स. कुठे जा, काय कर, एक शब्द नाही. त्या भोकात शिरलं तर आत एक म्हातारा बसलेला. तो म्हणतो की एकट्याने जाणं धोक्याचं आहे, आणि पोराच्या हातात लाकडी तलवार देतो. माझ्यासारख्याच म्हाताऱ्यापासून खेळ सुरू होतो म्हटल्यावर मलाही जरा बरं वाटलं.

कथा तशी ओळखीची आहे. गॅनन नावाचा रानडुकरासारखा राक्षस आहे. त्याने सामर्थ्याचा त्रिकोण पळवलाय. राजकन्या झेल्डाने शहाणपणाचा त्रिकोण त्याच्या हाती लागू नये म्हणून त्याचे आठ तुकडे करून आठ ठिकाणी लपवले. लिंकने ते आठही गोळा करायचे आणि मग नवव्या ठिकाणी राक्षसाला गाठायचं. आठ ठिकाणं म्हटल्यावर मी नातवाला अष्टविनायक मोजून दाखवले. तो म्हणाला, "मग नववा कोण?" मी सांगितलं, "आठ झाले की पुन्हा मोरगावला जायचं, तो नववा." त्याला ते पटलं.

आणखी गंमत ऐका. त्या राज्यात चलन म्हणजे चमकणारे खडे, आणि त्यांना म्हणतात 'रुपी'. धनुष्यातून एक बाण सोडला की एक रुपी खर्च. एका ठिकाणी आपण सुरुंग लावून भिंत फोडून आत जावं, तर आतला म्हातारा दाराच्या दुरुस्तीचे पैसे कापून घेतो. हा खेळ बनवणाऱ्याला संसाराचा अनुभव असावा असं मला तिथे वाटलं.

पण मी खरा अडकलो तो पुढच्या गोष्टीत. हे सगळं राज्य म्हणजे पडद्यामागून पडदे. आडवे सोळा, उभे आठ. एकूण १२८ चौकोन. उत्तरेला डोंगर, पूर्वेला समुद्रकिनारा, मध्ये तळी, एक दफनभूमी, एक हरवायला लावणारं जंगल. भूगोलाच्या मास्तराला आणखी काय पाहिजे? मी कपाटातून आलेख कागद काढला. सोळा गुणिले आठ आखून दिले. नातू खेळणार, मी लिहिणार. "अज्जा, इथे केव्ह आहे." "केव्ह नाही, गुहा म्हण." "कन्नडमध्ये गुहे." "मग लांब कशाला गेलास? गुहे म्हणजेच गुहा." "आणि फोर्ट? कोटे?" "आपला कोट." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी नकाशावर एकेक शब्द चढत गेला. डंजन म्हणजे भुयार. बेसमेंट म्हणजे तळघर. गुप्त दार म्हणजे चोरदरवाजा. त्या हरवायला लावणाऱ्या जंगलातून बाहेर पडायला उत्तर, पश्चिम, दक्षिण, पश्चिम याच क्रमाने चालावं लागतं. नाहीतर फिरून फिरून तिथेच. या चार दिशा त्याला शाळेत इंग्रजीत पाठ होत्या. मराठीत त्या एका संध्याकाळी झाल्या, आणि आता तो विसरणार नाही.

मग मी या खेळाचा इतिहास वाचून काढला. मास्तरकी कुठे जाते?

निन्टेंडो ही कंपनी क्योटो शहरातली. सुरू झाली १८८९ साली. तेव्हा ती काय बनवायची? पत्ते! हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते, हाताने केलेले. आपल्याकडे सावंतवाडीला गोल गंजिफा रंगवतात, दशावताराच्या, दहा रंगांचे १२० पत्ते. त्याच जातीचा धंदा. फरक इतकाच की त्यांचे पत्ते पुढे खेळण्यांत आणि खेळणी पुढे यंत्रांत गेली.

झेल्डा ज्यांनी रचला त्यांतले प्रमुख शिगेरू मियामोतो. त्यांच्या बरोबरीने ताकाशी तेझुका. संगीत कोजी कोंडो यांचं. सुरुवातीला राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची 'बोलेरो' ही रचना वाजवायची ठरली होती. ऐन वेळी कळलं की तिचा हक्क अजून संपलेला नाही, तेव्हा कोंडो यांनी घाईघाईत नवीन धून बांधली. ती आज जगभर ओळखली जाते.

मियामोतो जन्मले १९५२ साली. मीही १९५२ चाच. म्हणून जरा जवळीक वाटली. त्यांचं गाव क्योटोजवळचं सोनोबे. आजूबाजूला डोंगर, भातशेती, झाडी. लहानपणी भटकताना त्यांना एक गुहा सापडली. आत जायला भीती वाटायची. शेवटी एक दिवस कंदील घेऊन ते आत शिरले. ती भीती आणि ती उत्सुकता त्यांना मोठेपणी पोरांच्या हातात द्यायची होती. हा खेळ त्यातून आला.

आता माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा. खेळ तयार होत असताना ज्यांनी तो खेळून पाहिला त्यांची तक्रार आली, 'वाट सापडत नाही, काय करायचं कळत नाही.' तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पाट्या लावल्या असत्या. मियामोतोंनी उलट केलं. सुरुवातीलाच हातात असलेली तलवारही काढून घेतली. आता ती शोधावी लागेल. शोधताना पोरं एकमेकांना विचारतील, शाळेत बोलतील, 'तुला कुठे सापडली?' म्हणतील. त्यांना तेच हवं होतं. आणि तसंच झालं. पोरांनी वह्यांत नकाशे काढले, एकमेकांना दाखवले. अमेरिकेत तर निन्टेंडोने फोनवर वाट सांगायला माणसं बसवली होती.

हे वाचलं आणि मी थांबलो. वहीत नकाशे. मी टरकावली ती पानं!

खेळाची बाजू मी आंधळेपणाने घेत नाही. दोष आहेत. कोणत्या झुडपाला आग लावायची, कोणत्या भिंतीला सुरुंग लावायचा, याची काही ठिकाणी काहीच खूण नाही. उगाच प्रत्येक झुडूप जाळत बसायचं. यात बुद्धी कुठली? आणि राजकन्या शेवटपर्यंत कोंडून ठेवलेली. माझी शेजारची नात म्हणाली, "तिच्या नावाचा खेळ आणि तीच बसून?" बरोबर आहे तिचं. जपान्यांनाही ते पटायला अडतीस वर्षं लागली. २०२४ साली आलेल्या 'एकोज ऑफ विज्डम' या खेळात झेल्डा स्वतः बाहेर पडते. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी मात्र २०२० सालीच 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला बहीण निघते. तो खेळ निन्टेंडोच्या याच यंत्रावर खेळता येतो.

आणि पालकांनो, मोबाइलवर जे खेळ दर पाच मिनिटांना पैसे मागतात आणि कधीच संपत नाहीत, त्यांची वकिली मी करत नाही. झेल्डा हा संपणारा खेळ आहे. आमच्या घरी नियम होता. एक तास खेळ, आणि नकाशात भर पडली तरच दुसऱ्या दिवशीचा तास. वीज गेली तर? पूर्वीच्या बहुतेक खेळांत वीज गेली की सगळं पहिल्यापासून. झेल्डा जपानमध्ये चकतीवर आला, अमेरिकेत १९८७ साली बॅटरी बसवलेल्या कॅसेटमध्ये आला. त्यामुळे झालेलं काम जपून ठेवता यायचं. बीदरकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता नकाशा भरत आला तसा नातू म्हणाला, "अज्जा, खरं भुयार कुठे असतं?"

अहो, हा प्रश्न बीदरमध्ये विचारायचा! मी त्याला किल्ल्यात नेलं. दगड फोडून काढलेला तिहेरी खंदक दाखवला. शर्झा दरवाजा, गुंबद दरवाजा, बुरुजावरच्या तोफा, रंगीन महालातलं शिंपल्यांचं जडावकाम. नौबादकडे जाऊन करेज दाखवली. जमिनीखालून पाणी नेणारं बहमनी काळातलं भुयार, वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं. तो काठावर पालथा पडून आत बघत राहिला. म्हणाला, "हे तर लेव्हल टू आहे."

मग झरणी नृसिंह. तुम्हाला सांगायला नको. पण त्याला गोष्ट सांगितली. हिरण्यकशिपूचा वध करून नृसिंह इथे आला आणि त्याने जलासुराला मारलं. मरताना तो असुर पाणी होऊन देवाच्या पायाशी वाहू लागला. तेच हे पाणी. सुमारे तीनशे मीटर, कमरेच्या वर पाण्यातून, डोक्यावर वटवाघळं, आणि शेवटी देव. नातू दारातच म्हणाला, "अज्जा, आत जायच्या आधी सेव्ह कुठे करायचं?" मी म्हटलं, "इथे सेव्ह नाही. इथे हात धरायचा." माझ्या गुडघ्यांना आता ते पाणी झेपत नाही. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराने त्याला खांद्यावर घेतलं. मी बाहेर दोघांचे कपडे आणि चपला सांभाळत बसलो.

अर्ध्या-पाऊण तासाने तो बाहेर आला. ओलाचिंब, डोळे मोठे. आणि एका दमात मराठीत बोलत सुटला. पाणी कसं गार होतं, वटवाघळं कशी चिकटली होती, मध्ये भीती वाटली तेव्हा काय केलं, शेवटी देवाला कसा हात जोडला. इंग्रजीचा एखाददुसरा शब्द आला असेल. हे पोरगं सलग इतकं मराठी बोलू शकतं, हे मला माहीत नव्हतं. त्याला सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ऐकायला कोणीतरी बसलेलं होतं, म्हणून ते आलं.

त्या रात्री त्याने आमचा नकाशा फोटो काढून बापाला पाठवला. आमच्या १२८ चौकोनांच्या खाली त्याने दुसरा कागद जोडला होता. खंदक, दरवाजे, करेज, झरणी, घरापासूनची वाट. नावं मराठीत, खाली कन्नडमध्ये.

दहा मिनिटांत फोन आला. रविवार नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, रंगीन महाल उलट्या बाजूला दाखवलाय." मी म्हटलं, "तुला काय माहीत? तू किती वर्षांत किल्ल्यात गेला नाहीस." तो हसला. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग मीच विचारलं. एकतीस वर्षं उशिरा विचारलं. "तुझ्या भूगोलाच्या वहीत ते चौकोन होते ना, मी फाडले ते. कोणत्या खेळाचे होते?"

तो म्हणाला, "कोणत्याच नाही, बाबा. किल्ल्याचे होते. अडॅप्टर तुम्ही ठेवून घेतला म्हणून मी आपल्या किल्ल्याचाच गेम तयार करत होतो. तुम्हाला दाखवणार होतो. तुम्ही भूगोल शिकवता म्हणून."

मंडळी, मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. माझा जन्म हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतरचा, पण हैदराबाद राज्यातला. १९५६ साली रेघा बदलल्या, आपला बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा तिकडे, जहीराबाद, नारायणखेड आणखी तिकडे, बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे. भिंतीवरचा नकाशा बदलला तरी माणसं आपापल्या वाटा जाणत राहिली, हे मी वर्गात अभिमानाने सांगत असे. आणि माझ्या घरात एका पोराने स्वतःहून काढलेला या गावाचा नकाशा मी कचऱ्यात टाकला.

फोनवर मी 'चुकलो' म्हणालो. आमच्या पिढीला तो शब्द मुलांशी बोलायची सवय नाही. जड गेलं. तो म्हणाला, "जाऊ द्या हो बाबा." पण त्यानंतर तास-दीड तास बोललो. ब्लडप्रेशरचा विषय निघाला नाही.

खेळातली एक शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. राक्षस मारला, राजकन्या सुटली, की आपल्याला वाटतं झालं. तसं नाही. खेळ तिथून पुन्हा सुरू करता येतो. जमीन तीच, डोंगर तेच, पण भुयारं आतून बदललेली आणि कित्येकांची दारं दुसरीकडे गेलेली. जुना नकाशा घेऊन गेलात तर फसाल. पुन्हा शोधायचं, पुन्हा विचारायचं. याला ते दुसरी फेरी म्हणतात. नातू मला म्हणाला, "अज्जा, दुसरी फेरी जास्त अवघड असते." मी म्हटलं, "माहीत आहे रे. मी सध्या तीच खेळतोय."

मंडळाला माझी एक विनंती. दरवर्षी आपण चित्रकला स्पर्धा घेतो आणि पोरं मखरातला गणपती काढतात. पुढच्या वर्षी त्यासोबत आलेख कागद द्या. प्रत्येकाने आपल्या भागाचा नकाशा काढायचा. किल्ला असो, चौबाऱ्याभोवतालच्या गल्ल्या असोत, कलबुर्गीहून येणाऱ्यांनी तिथला कोट काढावा, गाणगापूरचा संगम काढावा. अट दोनच. ठिकाणाचं नाव मराठीत लिहायचं, शाळेच्या भाषेतही लिहिलं तर आनंदच. आणि निदान एका म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय नकाशा पुरा करायचा नाही. कागदाचा खर्च माझा.

आणि घरी कपाटात कोणाचा अडॅप्टर कुलपात असेल, तर आज रात्री बाहेर काढा. यंत्र चालू झालं नाही तरी चालेल. त्याच्याबद्दल विचारा.

मुलगा, सून आणि नातू परवा येताहेत, विसर्जनाला. बापलेक किल्ल्यात जाणार आहेत, रंगीन महालाची बाजू नीट करायला. मला बरोबर या म्हणालेत. नकाशा मी धरणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!